पाळकाचा मुलगा कार्ल युंग

थोर मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग हे पाळकाच्या घरात वाढले, हे आपणांपैकी कितीजणांस ठाऊक असेल? १८७५ मध्ये स्वित्झर्लंडमधील केसविल येथे त्यांचा जन्म झाला. दृढीकरणाचे धडे त्यांना वडिलांनीच दिले. त्रैक्याचा धडा केव्हा येतो याची मुलगा आतुरतेने वाट पाहत होता. तो आला तेव्हा, आपल्याला यातले काही उमगत नाही असे सांगून वडिलांनी तो वगळला! हा प्रामाणिकपणाच होता. पण मुलाची घोर निराशा झाली. पहिले प्रभुभोजनही त्याला रितेच वाटले. विश्वासाशी झगडत १८९६ मध्ये वडील वारले.

वैद्यकीचे शिक्षण संपवून युंग १९०० मध्ये झुरिकच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. १९०७ मध्ये ते फ्रॉइड यांना भेटले. फ्रॉइड त्यांना आपला वारस मानू लागले; परंतु मनाच्या मुळाशी कामप्रेरणाच आहे, हे युंगना पटेना. १९१३ मध्ये मैत्री तुटली. त्याच वर्षी अमेरिकेत वॉटसन यांनी वर्तनवाद मांडून अंतर्मनाचा विचारच बाजूस सारला.

युंगची सर्व मते मंडळीला मानवणारी नाहीत. तरीही १९३२ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे पाळकांपुढे बोलताना त्यांनी एक निदान मांडले, ते आपण लक्षात घ्यावे : पस्तिशी ओलांडलेल्या आपल्या प्रत्येक रुग्णाचे अखेरचे दुखणे धर्मदृष्टी हरवल्याचेच होते. वडिलांनी वगळलेल्या त्रैक्यावर पुढे त्यांनी स्वतःच दीर्घ निबंध लिहिला.