हेन्री सॉर्बी: पोलादाच्या पोटात डोकावणारा माणूस

सुरीच्या पोलादाचे दोन तुकडे घ्या. दोन्ही लालभडक तापवा. एक पाण्यात बुडवा, दुसरा हळूहळू गार होऊ द्या. पहिला कडक आणि ठिसूळ होतो, दुसरा मऊ राहतो. घटक तेच, मग फरक कुठून आला?

लोहारांना ही करामत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. तिचं कारण डोळ्यांनी बघण्याची वाट दाखवली हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी.

सॉर्बी १८२६ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ जन्मले. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचं शहर आणि त्यांचं घराणंही हत्यारं बनवणाऱ्यांचं. १८४७ मध्ये वडील वारले आणि पोटापुरता पैसा हाती आला. मग त्यांनी धंद्याऐवजी विज्ञान निवडलं आणि घरीच प्रयोगशाळा थाटली.

सुरुवात दगडांपासून झाली. दगड प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत. डोंगर समजायला सूक्ष्मदर्शक कशाला, म्हणून लोक हसले.

१८६३ मध्ये ते पोलादाकडे वळले. पोलादातून प्रकाश जात नाही. म्हणून त्यांनी तुकडा आरशासारखा चकचकीत केला आणि त्यावर अगदी सौम्य आम्ल लावलं. आम्ल काही भाग जास्त खातं, काही कमी, आणि आतली नक्षी उघडी पडते. पोलाद स्फटिकांचं बनलंय आणि ते कसं तापवलं, ठोकलं, गार केलं यावर ही नक्षी ठरते, हे आता दिसू लागलं.

१८६४ मध्ये बाथ शहरातल्या विज्ञानसभेत त्यांनी याचे फोटो मांडले. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. अपघातानंतर तुटलेला रूळ सूक्ष्मदर्शकाखाली बघा असं सुचवलं, तर आपल्याला वेड्यात काढतील, हे त्यांनाही कळत होतं. वीसेक वर्षं काम जवळपास पडून राहिलं. १८८० च्या दशकात जर्मनी-फ्रान्समध्येही अशी तपासणी सुरू झाली, तेव्हा कुठे त्याचं मोल कळलं. १९०८ मध्ये सॉर्बी गेले.

त्यांचा प्रश्न मात्र आजही जिवंत आहे. अणुभट्टीतल्या इंधननळ्यांसाठी ‘ओडीएस’ पोलादावर संशोधन चालतं, आपल्याकडे कल्पाक्कमलाही. त्यात पोलादाची भुकटी यट्रियम ऑक्साइडसोबत तासन्‌तास दळतात, मग तापवून साच्यातून दाबून काढतात. ऑक्साइडचे नॅनोमीटरभर कण पोलादाला उष्णतेत ढिलं पडू देत नाहीत. पण दाबून काढताना स्फटिक लांबट होतात. नळी लांबीत मजबूत, आडव्या दिशेत कमजोर राहते. आतल्या वायूच्या दाबानं ती तिथेच फुटू शकते. म्हणून पुढे पुन्हा तापवून स्फटिकांची ठेवण सुधारावी लागते.

ती सुधारली की नाही, हे कळायला आधी तुकडा घासून आत बघावंच लागतं.