रेव्हरंड टिळक : वेतन सोडले, मंडळी नाही

‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांच्या कविता अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केल्या. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी उचललेले एक पाऊल मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे वय आणि ढासळती प्रकृती असताना, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची वेतनाची चाकरी सोडली. मंडळी मात्र त्यांनी सोडली नाही. या दोहोंतील भेद ओळखण्यास त्यांना अवघे आयुष्य वेचावे लागले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई लवकर गेली आणि कोवळ्या वयातच त्यांनी घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी ते संस्कृत शिकले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाईंशी, त्यांचा विवाह झाला. स्वभाव मनस्वी, त्यामुळे एका गावी किंवा एका नोकरीत ते फार काळ रमत नसत. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीतील एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला. दीर्घ मंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय सर्वस्वी त्यांचा होता; त्याची किंमत मात्र एकट्या त्यांनी मोजली नाही. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या आणि पतिपत्नींची ताटातूट काही वर्षे चालली. स्वतःच्या विवेकाशी प्रामाणिक राहणारा माणूस आपल्या माणसांना किती खोल जखम करू शकतो, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे दोघे एकत्र आले तेव्हा टिळकांच्या वागण्यात एक मोठा गुण दिसून आला. जे स्वातंत्र्य त्यांनी स्वतः घेतले होते, तेच त्यांनी पत्नीलाही दिले. लक्ष्मीबाई आपले सोवळेओवळे सांभाळून राहिल्या आणि जातिभेद खोटा आहे, या निष्कर्षाला स्वतःच्या विचाराने पोचल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो पतीची आज्ञा म्हणून नव्हे. बालकवी ठोमरे यांच्या बाबतीतही हेच घडले. टिळकांच्या घरी ते पोटच्या मुलासारखे राहिले, पण त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. मिशनरी मित्रांवर त्यांचा जीव होता. तरीही एक सल त्यांच्या मनात वाढत गेली. पैसा परदेशातून येई आणि निर्णयही बहुधा देणाऱ्याच्या हाती राहत. या मायबापपणाखाली देशी मंडळी कधी प्रौढ होणार, असा त्यांचा प्रश्न होता. ख्रिस्ताला मराठी मनात स्थान मिळायचे तर ते अभंगातून, कीर्तनातून आणि भजनातून मिळावे, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच शेकडो पदे रचून त्यांनी उपासनेला मराठी वळण दिले.

वेतन सोडून ते साताऱ्याला गेले व ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना तेथे सारखाच प्रवेश होता. नवा पंथ काढण्याचा त्यांचा हेतू नव्हता. जुन्या सहकाऱ्यांशी त्यांनी वैर धरले नाही. यावेळी लक्ष्मीबाईही सोबत होत्या. तरुणपणी एकट्याने उंबरठा ओलांडणाऱ्या या माणसाने उतारवयात बांधलेले घर सर्वांसाठी उघडे होते.

दरबाराला आयुष्य थोडेच लाभले. संस्थापकाच्या मृत्यूनंतर तो फार काळ टिकला नाही, आणि एका व्यक्तीच्या तेजावर उभ्या राहिलेल्या कार्याची ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरेच राहिले होते. लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा बहुतांश भाग पुढे लिहून काढला. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ख्रिस्तकथा मराठी ओवीत गाण्याची ती परंपरा ज्या गोव्याच्या मातीत रुजली, तेथील वाचकाला या ग्रंथाचे मोल सहज कळावे. ज्या पत्नीला न विचारता टिळकांनी धर्म बदलला होता, त्यांचे अपुरे काम तिनेच स्वेच्छेने आपले मानले. टिळकांना अखेरीस गवसलेल्या स्वातंत्र्याची याहून चांगली साक्ष कोणती?