पीतकंठी चिमणी आणि डॉ. सलीम अली

१९०८ सालची गोष्ट. मुंबईच्या फोर्ट भागातील अपोलो स्ट्रीटवर फिप्सन आणि कंपनी या मद्यविक्रीच्या पेढीच्या दारात अकराएक वर्षांचा एक मुलगा कागदाच्या पुडीत मेलेली चिमणी घेऊन उभा होता. त्याने ती एअरगनने मारली होती. दिसायला ती घरात वावरणाऱ्या चिमणीसारखीच, पण गळ्यावर हळदीचे बोट टेकवावे तसा पिवळा ठिपका. त्याचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी नामांकित शिकारी होते. त्यांनाही या पाखराचे नाव सांगता आले नाही. तेव्हा त्यांनी ओळखीची चिठ्ठी देऊन भाच्याला या पेढीवर पाठवले. आत जायला मुलाचे पाऊल धजत नव्हते. गोऱ्या साहेबाशी समोरासमोर बोलण्याचा त्याला सराव नव्हता, आणि हातातली वस्तू तर एखाद्या साहेबापुढे ठेवण्याजोगी मुळीच नव्हती.

मद्याच्या पेढीत पाखराचे नाव विचारायला जावे, हे आज चमत्कारिक वाटेल. परंतु त्याच जागेत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संसार मांडलेला होता. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी ही संस्था स्थापन केली. त्यांपैकी दोघे आपल्याकडचे होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. मराठी वाचक सखाराम अर्जुनांना डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून ओळखतो. वनस्पतींचा व प्राण्यांचा त्यांचा व्यासंग मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. १९०८ साली संस्थेचे मानद चिटणीस होते डब्ल्यू. एस. मिलार्ड, आणि फिप्सन कंपनीचा कारभारही तेच पाहत होते.

मिलार्ड यांनी चिमणी पाहिली आणि ती पीतकंठी चिमणी असल्याचे तत्काळ सांगितले. एवढ्यावर मुलाची बोळवण करता आली असती. व्यापारी पेढीच्या प्रमुखाला कामाच्या वेळी याहून अधिक सवड नसते. मिलार्ड मात्र उठले. त्यांनी मुलाला संग्रहाच्या कपाटांपाशी नेले आणि एकामागून एक खण ओढून दाखवायला सुरुवात केली. त्यांत जतन करून ठेवलेल्या पक्ष्यांच्या रांगा होत्या. एकाच जातीचे नर, माद्या, पिले, वेगवेगळ्या ऋतूंतली पिसे, आणि प्रत्येकाच्या पायाला ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी. भारतात इतक्या जातींचे पक्षी आहेत, ही कल्पनाही मुलाच्या मनाला तोवर शिवली नव्हती. जाताना त्याच्या हाती पक्ष्यांवरची पुस्तके पडली. पक्ष्याचे कातडे सोलून ते कसे टिकवावे, हे संस्थेत येऊन शिकण्याचे आमंत्रणही मिळाले. त्या कार्यालयात तेव्हा एक जिवंत गरुड धनेशही मुक्कामाला असे. संस्थेच्या बोधचिन्हावर आजही धनेश दिसतो, तो त्यामुळेच.

हा मुलगा म्हणजे सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. वर्षाचा असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. भावंडांत तो सर्वांत धाकटा. मामा अमीरुद्दीन आणि मामी हमीदा बेगम यांनी निपुत्रिक असूनही खेतवाडीच्या घरात मुलांचा मोठा परिवार सांभाळला. शाळेत सलीमची गती बेताची होती. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीने पिच्छा पुरवला, त्याला हवापालटासाठी सिंधमध्ये धाडावे लागले. १९१३ साली मॅट्रिकची परीक्षा कशीबशी पदरात पडली. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात गणिताने असा काही धाक घातला की, त्याने शिक्षण अर्धवट टाकून ब्रह्मदेश गाठला. तेथे कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा व्यवहार होता. पण त्याचे लक्ष भोवतालच्या रानातील पाखरांकडे. सात वर्षांनी तो परतला... नव्हे, मध्ये १९१७ मध्ये एकदा परतून त्याने शिक्षणाचा तुटलेला धागा पुन्हा जोडला. डावर कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेब आणि झेवियर्समध्ये फादर ब्लाटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्र, असे दोन्ही वर्ग एकाच वेळी चालले. १९१८ साली तेहमिना यांच्याशी विवाह झाला. ज्याला पुढे साऱ्या जगाने पक्षिशास्त्रज्ञ म्हणून मान दिला, त्याच्या नावापुढे रीतसर पदवी कधी लागली नाही. तिच्याअभावी सरकारी खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागाही हुकली.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा निघाली. वेतन महिना ३५० रुपये. काचेमागे मांडलेले पशुपक्षी विद्यार्थ्यांना आणि प्रेक्षकांना समजावून सांगायचे, हे काम. मिलार्डनी आपल्याला जे दिले तेच इतरांना देण्याची ही पहिली संधी. परंतु सलीम अलींना लवकरच आपली शिदोरी अपुरी वाटू लागली. रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रोफेसर श्ट्रेझमन यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली.

नोकरी गेलेल्या माणसाने दुसरी नोकरी शोधावी, हा व्यवहार. सलीम अली पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तेथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर आडोशाला बसून त्यांनी त्या पाखरांची दिनचर्या टिपून घेतली. सुगरणीचा खोपा मराठी माणसाला बहिणाबाईंमुळे घरचाच झाला आहे, आणि तो मादीच विणते अशी आपली समजूतही तशीच घरची. किहीमला दिसले ते निराळे. खोपा विणतो नर. तो निम्मा विणून झाला की माद्या येतात, आत डोकावतात, ओढून पाहतात; पसंत पडला तर मादी तेथे बिऱ्हाड करते. मग नर उरलेला भाग पुरा करतो आणि लागलीच शेजारी दुसरा खोपा विणू लागतो, दुसऱ्या मादीसाठी. या निरीक्षणांवरचा त्यांचा निबंध १९३१ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जाणकारांच्या नजरेत त्यांचे नाव भरले. एक वही, एक दुर्बीण आणि भरपूर वेळ. यापलीकडे त्या कामाला काही लागले नव्हते. शाळकरी मुलालाही करता येईल असे हे संशोधन, हेच त्याचे मोठेपण.

यानंतरची वर्षे भटकंतीची. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन आणि इतर संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्या त्यांनी केल्या; मानधन नाही, केवळ प्रवास व मुक्कामाचा खर्च मिळे. तेहमिना सोबत असत, तंबूतला संसार त्यांनी आनंदाने केला. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहिणीच्या घरी राहून कामात त्यांनी स्वतःला गाडून घेतले.

१९४१ साली त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ प्रसिद्ध झाले. तोवर पक्ष्यांवरचे ग्रंथ म्हणजे साहेबी तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेले जाडजूड खंड. हे पुस्तक झोळीत मावणारे, रंगीत चित्रांचे, आणि दारातल्या पाखरापासून सुरुवात करणारे होते. देहरादूनच्या तुरुंगातून पंडित नेहरूंनी त्याची एक प्रत मुलीला पाठवली. इंदिराजींना पक्षी पाहण्याचा छंद लागला तो या पुस्तकाने. एका पुस्तकाचे परिणाम किती दूरवर पोचतात, याचा प्रत्यय पुढे दिल्लीकरांना आला.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतच मुंबई सरकारच्या अनुदानाने संस्थेने शाळकरी मुलांसाठी निसर्गशिक्षणाची योजना सुरू केली, आणि सलीम अली तिच्या पाठीशी उभे राहिले. मुलांना संग्रहालयात न्यावे, नमुने जवळून दाखवावेत, रानात फिरवावे, सोप्या भाषेत चित्रमय पुस्तिका काढाव्यात, असे तिचे स्वरूप. पाठ्यपुस्तकातले चित्र आणि झाडावरचा पक्षी यांच्यामध्ये जे अंतर असते, ते पायी चालून तोडावे लागते, हे त्या काळी शाळांच्या वेळापत्रकात बसवणे सोपे नव्हते. आजही नाही. १९६७ साली नवी दिल्लीच्या नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी भाची लईक फतेहअलींच्या साथीने सामान्य वाचकाकरिता नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिले. जगभरच्या अभ्यासकांसाठी डिलन रिप्ले यांच्यासह दहा खंडांचा महाग्रंथ तयार होत असतानाचे हे काम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या लेखी त्याचे मोल कळते.

दिल्ली परिसरात या बीजाला अनुकूल जमीन मिळाली. गांधीजींचे इंग्रज स्नेही होरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये दिल्लीत पक्षिनिरीक्षकांचे मंडळ उभे राहिले. इंदिराजी त्यात सहभागी होत्या. गुडगावजवळच्या सुलतानपूरच्या झिलीला १९७१ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यामागेही त्यांचा पाठिंबा होता. दिल्लीतले राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय हीसुद्धा त्यांचीच कल्पना. ते ५ जून १९७८ रोजी बाराखंबा मार्गाजवळ खुले झाले. तेथील ‘डिस्कव्हरी रूम’मध्ये मुलांना कवटी, शिंपले, पिसे हातात घेऊन पाहता येत. ‘हात लावू नका’ ही पाटी सर्वत्र पाहण्याची सवय असलेल्या पोरांना तो मुलुखावेगळा अनुभव होता. दिल्लीत वाढलेल्या अनेकांनी ती खोली पाहिली असेल. एप्रिल २०१६ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि संग्रह जळून गेला.

भरतपूरची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. संस्थानी काळात तेथे बदकांच्या शिकारीचे सोहळे होत. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका मेजवानीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर झील आटवून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी पुढे आली. सलीम अलींनी नेहरूंपर्यंत शब्द पोचवला आणि ते पाणी वाचले. १९८२ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले, गुरे चारण्यावर बंदी आली. सलीम अलींचा कौलही बंदीच्या बाजूने होता. गावकऱ्यांचा विरोध, पोलिसांचा गोळीबार आणि त्यात गेलेले जीव, ही त्या निर्णयाची किंमत. पुढे त्यांच्याच संस्थेच्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासातून दिसले ते अनपेक्षित होते : म्हशी चरायच्या थांबल्यावर पाणगवत बेसुमार वाढले, झील गुदमरू लागली आणि पक्ष्यांना जागा उरेना. संस्थेने हा निष्कर्ष दडवला नाही. किहीमला सुगरणीने आपली समजूत खोटी ठरवली तेव्हा त्या तरुणाला आनंद झाला होता. भरतपूरचा धडा मात्र माणसांच्या जिवावर बेतल्यानंतर मिळाला, आणि त्याचा संपूर्ण अहवाल हाती येईपर्यंत सलीम अली हयात नव्हते.

त्यांच्या स्वभावात गोडवा होता तसा करडेपणाही. ढिसाळ नोंद त्यांना खपत नसे. तारुण्यात ते हौशी शिकारी होते आणि शास्त्रीय संग्रहासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी मारले. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नावच त्यांनी एअरगनने पाडलेल्या त्या चिमणीवरून ठेवले. १९७६ साली पॉल गेटी पारितोषिकाचे ५० हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी संस्थेला दिले. त्याच वर्षी पद्मविभूषण, आणि १९८५ मध्ये राज्यसभेची नियुक्ती. नव्वदीला टेकलेला तो सडपातळ म्हातारा खासदार म्हणून दिल्लीत आला. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

दिल्लीच्या दक्षिण टोकाला, जेथे अरवलीच्या कडा दगड आणि बदरपूर वाळूसाठी वर्षानुवर्षे पोखरल्या गेल्या, तेथे आता असोला-भट्टी अभयारण्य आहे. खाणींच्या खड्ड्यांत पाणी साठून तळी झाली आहेत. दिल्लीच्या वनविभागासह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या रानात निसर्गशिक्षण केंद्र चालवते. शाळांच्या मुलांना तेथे फुलपाखरे, कीटक, पक्षी आणि मातीतल्या पाऊलखुणा प्रत्यक्ष दाखवल्या जातात. अपोलो स्ट्रीटवरचे खण आता उघड्या माळावर आहेत, आणि एअरगनची जागा दुर्बिणीने घेतली आहे.

उन्हाळा सुरू झाला की पीतकंठी चिमणी दिल्लीच्या आसपासच्या या कोरड्या झुडपी रानात विणीसाठी येते. झाडाच्या ढोलीत तिचे घरटे असते. लांबून ती साधी भुरी चिमणीच वाटते. खांद्यावरचा तांबूस डाग आधी दिसतो. गळ्यावरचा पिवळा ठिपका तिने मान वर केली आणि ऊन नेमके पडले, तरच.