हिमनदीच्या पोटात

१८४१ सालच्या उन्हाळ्यातील ही गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात उंटरआर नावाची हिमनदी आहे. तिच्या पृष्ठभागावरील एका खोल विवराच्या तोंडाशी लाकडी तिकाटणे उभे केलेले होते. त्यावरून सोडलेल्या दोराला एक फळी बांधली होती. त्या फळीवर बसून चौतीस वर्षांचे एक प्राध्यापक बर्फाच्या पोटात उतरू लागले. त्यांचे नाव लुई अगासी.

अगासी यांचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोत्ये या खेड्यात झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. मुलाने वैद्य व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यांनी वैद्यकाची पदवी घेतलीही. परंतु त्यांचे मन प्राण्यांच्या अभ्यासात रमले होते. खडकांत सापडणाऱ्या प्राचीन माशांच्या अवशेषांवरील संशोधनाने त्यांना तरुणपणीच कीर्ती मिळाली. १८३२ मध्ये ते नशातेल या गावी प्राध्यापक झाले.

त्या काळी एक कोडे विद्वानांना सतावीत होते. आल्प्सपासून दूरवरच्या मैदानांत प्रचंड शिळा पडलेल्या आढळत. त्यांचा दगड तेथील जमिनीतील दगडाशी मुळीच जुळत नसे. महापुराने त्या वाहून आणल्या असाव्यात, असे अनेकांचे मत होते. व्हेनेट्स हे अभियंते आणि मिठाच्या खाणींचे संचालक शारपांत्ये यांचे मत मात्र निराळे होते. पूर्वी हिमनद्या फार दूरवर पसरलेल्या होत्या आणि त्यांनीच या शिळा वाहून आणल्या, असे ते सांगत. अगासींना हे पटत नव्हते. १८३६ मध्ये ते शारपांत्ये यांच्याकडे गेले, ते त्यांची चूक दाखवून देण्याच्या इराद्यानेच. तेथे घासून गुळगुळीत झालेले खडक आणि त्यांवरील समांतर ओरखडे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि त्यांचे मत पार बदलले.

पुढच्याच वर्षी नशातेल येथील शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हिमयुगाची कल्पना मांडली. एके काळी उत्तर युरोपचा मोठा भाग बर्फाखाली गाडला गेला होता, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रोते नाराज झाले. हुम्बोल्ट यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने तर त्यांना पुन्हा माशांच्या अभ्यासाकडे वळण्याचा सल्ला दिला. अगासी मागे हटले नाहीत. १८४० मध्ये त्यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो शारपांत्ये यांच्या ग्रंथाच्या आधी बाहेर पडला, आणि ज्यांच्याकडून पहिला धडा घेतला त्या स्नेह्याचे मन दुखावले गेले.

केवळ ग्रंथ लिहून वाद मिटणार नव्हता. बर्फ सरकतो कसा आणि त्यात पाण्याचे काम काय, हे समजणे आवश्यक होते. म्हणून अगासी सहकाऱ्यांसह उंटरआर हिमनदीवरच राहू लागले. बर्फावरील एका मोठ्या खडकाचा आडोसा हे त्यांचे घर, आणि दाराच्या जागी घोंगडी. या निवाऱ्याला त्यांनी गमतीने नशातेलकरांचे हॉटेल असे नाव दिले.

हूगी नावाच्या अभ्यासकाने १८२७ मध्ये याच हिमनदीवर एक झोपडी बांधली होती. ती मूळ जागेपासून एक किलोमीटरहून अधिक खाली सरकलेली आढळली. मग अगासींनी १८४१ मध्ये हिमनदीच्या आडव्या रेषेत सहा खुंट्या खोल रोवल्या. वर्षभराने मोजमाप घेतले, तेव्हा काठाजवळच्या दोन खुंट्या १६० आणि १२५ फूट सरकल्या होत्या, तर मध्याजवळची एक २६९ फूट. पाण्याच्या नदीप्रमाणेच बर्फाची नदीही मध्यभागी अधिक वेगाने वाहते, हे स्पष्ट झाले.

उन्हाळ्यात हिमनदीच्या पृष्ठभागावर बर्फ वितळून ओढे वाहू लागतात. वाटेत भेग लागली की पाणी तिच्यात शिरते आणि ती कोरून उभे विवर तयार करते. आत कोसळणाऱ्या पाण्याच्या घरघरीमुळे आल्प्समधील फ्रेंच भाषक अशा विवराला गिरणी म्हणतात. बर्फाच्या आत दिसणारे निळसर पट्टे किती खोलवर जातात, हे पाहण्यासाठी अगासी अशाच एका विवरात उतरले होते. आत पडणारा ओढा त्यांनी आधी दुसरीकडे वळवला. त्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून एक मित्र काठावर पालथा पडून होता. सुमारे ऐंशी फुटांवर विवराच्या दोन वाटा झाल्या. एक वाट पुढे अरुंद झाली, म्हणून ते दुसरीतून उतरले. शंभराहून अधिक फूट खोल गेल्यावर त्यांचे पाय अचानक पाण्याला लागले. त्यांनी ओरडून इशारा दिला. पण वरच्यांना तो नीट कळला नाही. दोर आणखी सुटला आणि त्यांचे पाय गोठवणाऱ्या पाण्यात बुडाले. दुसऱ्या हाकेला दोर वर ओढला जाऊ लागला. लोंबणाऱ्या अणकुचीदार बर्फसुळ्यांतून अंग वाचवीत ते कसेबसे बाहेर आले.

बर्फात झिरपलेले पाणी पुन्हा गोठून फुगते आणि त्या दाबाने हिमनदी पुढे ढकलली जाते, असा अगासींचा समज होता. तो चुकीचा ठरला. हिमनदी स्वतःच्या भाराने सरकते. तिचा बर्फ आतल्या आत आकार बदलतो आणि तळाच्या खडकावरून घसरतोही. मात्र पाण्याला महत्त्व आहे, हा त्यांचा कयास खरा निघाला. विवरांतून तळाशी पोहोचलेले पाणी उन्हाळ्याच्या प्रारंभी अरुंद वाटांत कोंडते. त्याच्या दाबाने बर्फ खडकावरून किंचित उचलला जातो आणि हिमनदीचा वेग वाढतो. पुढे वाहत्या पाण्याने वाटा रुंदावतात, दाब उतरतो आणि वेगही मंदावतो. अखेरीस ते पाणी हिमनदीच्या मुखातून बाहेर पडते. आर नदी तेथूनच पुढे निघते. आपल्याकडे गोमुख येथे भागीरथीही अशीच बर्फातून प्रकटते.

१८४६ मध्ये अगासी अमेरिकेला गेले आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८५९ मध्ये त्यांनी तेथे प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय उभारले. पुस्तकापेक्षा प्रत्यक्ष वस्तू पाहा, असा त्यांचा विद्यार्थ्यांना आग्रह असे. तथापि हा नियम त्यांनी स्वतः सर्वत्र पाळला नाही. डार्विन यांचा उत्क्रांतिवाद त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. मानववंश वेगवेगळे निर्माण झाले असून कृष्णवर्णीय कनिष्ठ आहेत, हे निराधार मत त्यांनी उराशी बाळगले आणि गुलामगिरीच्या समर्थकांच्या हाती त्यामुळे आयते हत्यार आले. शारपांत्ये यांच्याकडे पुरावा पाहून मत बदलणाऱ्या माणसाने येथे मात्र डोळे मिटून घेतले.

१४ डिसेंबर १८७३ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या समाधीवर आर हिमनदीच्या परिसरातून आणलेली एक शिळा उभी आहे. तापमानवाढीमुळे उंटरआर हिमनदी त्यानंतर बरीच मागे हटली आहे. ती किती आणि कशी बदलली हे समजून घेताना अगासींनी घेतलेली मोजमापे आजही आधाराला येतात. त्यांचे तर्क कोसळले. खुंट्या रोवून नोंदवलेले आकडे मात्र टिकून राहिले.