दाराबाहेरचा विजेता

वाशिमच्या बँकेत खिडकीपुढच्या रांगा पाहण्यात माझी नोकरी गेली. पण जिंकलेल्या माणसालाच दाराबाहेर ठेवल्याचे पाहिले ते पापवा सेवगोलम यांच्या आयुष्यात. दर्बानचे हे भारतीय वंशाचे गोल्फपटू. गोऱ्यांच्या काठ्या वाहता वाहता खेळ शिकले. काठीवरची हातांची पकडही इतरांच्या उलट! १९५९ साली त्यांनी डच ओपन जिंकली. १९६३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताची खुली स्पर्धा जिंकली, तेव्हा वर्णभेदामुळे क्लबात प्रवेश नव्हता. करंडक भर पावसात, बाहेरच घ्यावा लागला. त्याच वर्षी मानाच्या ब्रिटिश ओपनमध्ये ते संयुक्त तेरावे आले. १९६५ साली त्यांनी गॅरी प्लेयरला हरवले आणि पुढे मायदेशातली मैदानेच त्यांना बंद झाली. १९७८ साली ते गेले. आपल्या पालवणकर बाळूंनाही चहा पॅव्हेलियनबाहेरच मिळे. नातवाला या दोघांचे विक्रम सांगताना मी त्या बंद दारांविषयीही सांगतो.