ओळख थोरांची : दामोदर धर्मानंद कोसंबी

मुलांनो, या वेळी आम्ही तुम्हाला अशा माणसाची ओळख करून देणार आहोत, जो तुमच्यासारखाच लहानपणी अमेरिकेत आला आणि इथल्या शाळेत शिकला. मात्र तो आला १९१८ साली, आणि तेव्हा दर आठवड्याला मराठी शिकवायला आपल्यासारखा वर्ग नव्हता!

दामोदरचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्याचे वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. ज्ञानासाठी तरुणपणीच घर सोडून ते नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे हिंडले होते. एका पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले, तेव्हा दामोदर आणि त्याची मोठी बहीण माणिक त्यांच्याबरोबर बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावी आली. दामोदर तिथल्या शाळेत शिकला आणि पुढे हार्वर्डमधून १९२९ साली उत्तम गुणांनी पदवीधर झाला. गणित हा त्याचा आवडता विषय, पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन याही भाषा त्याने आत्मसात केल्या. पदवी मिळाली त्याच वर्षी तो भारतात परतला.

बनारस आणि अलीगढ इथे शिकवून कोसंबी १९३३ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्यांनी अवघ्या चार पानांचा एक लेख लिहिला. विषय गणिताचा नव्हे, आनुवंशिकतेचा! तो समजायला थोडे मागे जावे लागेल.

चार्ल्स डार्विनने १८५९ साली नैसर्गिक निवडीचा सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. एकाच आईची पिल्ले थोडी थोडी वेगळी असतात. त्यांतली जी परिस्थितीला जास्त जुळतात ती जगतात, त्यांना जास्त पिल्ले होतात, आणि पिढ्यानुपिढ्या प्राणी बदलत जातो. पण आईवडिलांचे गुण पिल्लांत नेमके कसे उतरतात, हे काही डार्विनला सांगता आले नाही. मेंडेल नावाच्या धर्मगुरूने वाटाण्यावर प्रयोग करून त्याचे नियम १८६६ साली छापले होते, पण १९०० सालापर्यंत त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिलेच नाही.

नंतर कळले की गुण ठरवणारी जनुके माळेतल्या मण्यांसारखी ओळीने असतात. प्रत्येक माळेची जोडी असते, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. पुढच्या पिढीला देताना या दोन माळा आपापसांत तुकडे बदलतात. म्हणून तुमचे नाक आजोबांसारखे आणि केस आजीसारखे असू शकतात. निसर्गाला निवड करायला रोज नवे नमुने मिळतात ते यामुळेही.

आता गंमत पाहा. जवळजवळ असलेले दोन मणी सहसा एकत्रच जातात, लांबचे मणी वारंवार वेगळे होतात. म्हणजे ताटातूट किती वेळा झाली ते मोजले की अंतर कळते! १९१३ साली न्यूयॉर्कला स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने असाच माशीच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला. पण एक अडचण होती. दोन मण्यांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ते पुन्हा एकाच माळेत येतात, आणि आपल्याला वाटते की काही घडलेच नाही.

हॉल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ साली यासाठी एक सूत्र दिले. पण त्याने धरले होते की एका अदलाबदलीचा दुसरीवर काही परिणाम होत नाही. प्रत्यक्षात एका जागी अदलाबदल झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी सहसा होत नाही. या अडथळ्याला नाव दिले हर्मन मुलर यांनी. हे मुलर १९१५ ते १९१८ आपल्या शुगर लँडपासून वीसेक मैलांवरच्या राइस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते बरे का! त्यांना तिथे बोलावणारे ज्युलियन हक्सली म्हणजे डार्विनची बाजू हिरिरीने लढवणाऱ्या हक्सलींचे नातू.

कोसंबींनी हा अडथळा हिशेबात धरून नवे सूत्र दिले. शंभरातून तीस वेळा ताटातूट झाली असेल, तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर सुमारे ४६ येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३५. या अंतराचे माप सेंटिमॉर्गन. वंशावळ शोधण्यासाठी घरी कोणी थुंकीची तपासणी केली असेल, तर त्या अहवालात हा शब्द दिसेल. भात, गहू यांच्या जनुकांचे नकाशे काढताना आजही जगभर कोसंबींचे सूत्र वापरतात.

कोसंबी मात्र तिथे थांबले नाहीत. पुढे १९४६ ते १९६२ ते मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गणिताचे काम करत होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने जात. त्यांनी हजारो जुनी नाणी तराजूत तोलली. हातोहात फिरून नाणे झिजते, तेव्हा वजनावरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज त्यांनी बांधला. पुण्याच्या टेकड्यांवर फिरून अश्मयुगातली दगडी हत्यारे वेचली. भर्तृहरीची संस्कृत सुभाषिते शेकडो हस्तलिखिते ताडून संपादित केली. भारताच्या इतिहासावरचे त्यांचे पुस्तक १९५६ साली निघाले, आणि राजांच्या सनावळ्यांपेक्षा शेतकरी, कारागीर, नांगर यांच्याकडे पाहायला त्याने अनेकांना शिकवले. त्यांची सगळीच मते सर्वांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. स्वभावही म्हणे तिखट होता.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. इतिहासाच्या वर्गात त्यांचे पुस्तक वाचणाऱ्यांना त्यांचे सूत्र सहसा ठाऊक नसते, आणि भाताच्या जनुकांचा नकाशा काढणाऱ्याला संगणकावर ‘कोसंबी’ हा पर्याय निवडताना हा कुठल्या गावचा माणूस, हे माहीत नसते.