छोटं फूल आणि मोठा घण

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर, विंडोज एक्सपीमध्ये, पिनबॉल नावाचा एक गेम फुकट यायचा. आठवतोय? स्प्रिंगचा दट्ट्या ओढायचा, गोळी वर उडवायची आणि ती खाली पडू नये म्हणून दोन बटणं बडवत बसायचं. इतका साधा, निरुपद्रवी खेळ. हा खेळ न्यूयॉर्कसारख्या शहरात १९४२ ते १९७६ अशी तब्बल चौतीस वर्षं कायद्याने बंद होता, हे वाचलं तेव्हा मी हसले. आणि ही बंदी घालणारा माणूस कोण, तर फिओरेलो ला गार्डिया! न्यूयॉर्कच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे तेच.

मला वाटलं, असेल कोणीतरी खडूस म्हातारा. मग त्यांच्याबद्दल वाचत गेले आणि हसणं थांबलं. कारण हा माणूस खडूस नव्हता, भ्रष्ट तर मुळीच नव्हता. न्यूयॉर्कला मिळालेल्या सर्वात चांगल्या महापौरांमध्ये त्यांचं नाव घेतात. मग असा माणूस एका खेळाच्या मागे हात धुवून का लागला? हा प्रश्न माझ्यासाठी नुसता इतिहासाचा नाही. का, ते शेवटी सांगते.

फिओरेलो या इटालियन नावाचा अर्थ छोटं फूल. उंचीही जेमतेम पाच फूट दोन इंच. जन्म ११ डिसेंबर १८८२, न्यूयॉर्कमध्येच. वडील इटलीहून आलेले, अमेरिकन सैन्यात बँडमास्टर. आई ज्यू, ट्रिएस्टची. लहानपण मात्र शहरात गेलं नाही. वडिलांच्या नोकरीमुळे ते ॲरिझोनातल्या प्रेस्कॉट या गावी वाढले. तिथल्या दोन गोष्टी त्यांच्या मनात कायमच्या रुतल्या. एक म्हणजे, गावात एक इटालियन माणूस माकड घेऊन बाजाची पेटी वाजवत आला, आणि वर्गातली पोरं फिओरेलोला त्यावरून चिडवायला लागली. दुसरी म्हणजे आकड्यांचा जुगार. त्यांची आई स्वप्नात काही दिसलं की त्यावरून आकडा लावायची आणि पैसे घालवायची. हे आकडे लावणं आपल्याकडच्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको!

तिसरा घाव याहून मोठा. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात ठेकेदारांनी सैन्याला सडकं मांस पुरवलं. ते खाऊन आपल्या वडिलांची प्रकृती बिघडली, असं फिओरेलो आयुष्यभर मानत आले. १९०४ साली वडील गेले. पुढे हा मुलगा अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला तेव्हा त्याने पहिलंच विधेयक मांडलं ते युद्धात निकृष्ट माल विकणाऱ्यांना शिक्षा करण्याचं. यांच्या बाबतीत हे असंच होतं. मनाला लागलेली गोष्ट त्यांच्या हातून कायदा होऊन बाहेर पडायची. महापौर झाल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या बाजाच्या पेटीवाल्यांचे परवानेसुद्धा बंद केले. प्रेस्कॉटची पोरं कुठे, आणि न्यूयॉर्कचे गरीब पेटीवाले कुठे!

पण आपण जरा पुढे गेलो. मधल्या काळात ते युरोपात अमेरिकन वकिलातीत नोकरीला होते. परत आल्यावर एलिस बेटावर, जिथे बोटीने आलेल्या स्थलांतरितांची तपासणी व्हायची, तिथे दुभाषे म्हणून काम केलं. दिवसा हे काम आणि रात्री लॉ कॉलेज. १९१० मध्ये वकील झाले, १९१६ मध्ये संसदेत निवडून आले, आणि पहिल्या महायुद्धात खासदार असूनही इटलीच्या आघाडीवर जाऊन बाँबर विमानं उडवली. १९२१ हे वर्ष फार वाईट गेलं. तान्ही मुलगी आणि पत्नी थिआ, दोघीही त्यांनी त्या एका वर्षात गमावल्या.

आता एक गंमत बघा. १९२० पासून संपूर्ण अमेरिकेत दारूबंदी होती आणि तिला कडाडून विरोध करणाऱ्यांत ला गार्डिया पुढे होते. त्यांचं म्हणणं असं की, जो कायदा पाळला जाणार नाही तो करूच नये. त्याने दारू थांबत नाही, फक्त गुंड आणि लाचखोर पोलीस श्रीमंत होतात. १९२६ मध्ये त्यांनी पत्रकारांना बोलावलं, दुकानात खुलेआम मिळणारी दोन कायदेशीर पेयं त्यांच्यासमोर एकत्र केली आणि बेकायदेशीर बिअर बनवून दाखवली. मग हाच प्रयोग न्यूयॉर्कमध्ये एका औषधाच्या दुकानात केला. कोणीही अटक केली नाही. म्हणजे बंदी कुठे फसते हे या माणसाला चांगलंच कळत होतं. हे लक्षात ठेवा.

१ जानेवारी १९३४ रोजी ते महापौर झाले. मंदीचे दिवस, शहराची तिजोरी रिकामी, आणि गल्लीगल्लीत स्लॉट मशीन. नाणं टाका, दांडी ओढा, पैसे घालवा. यातली बरीचशी यंत्रं फ्रँक कॉस्टेलो या माफिया म्होरक्याची होती. त्यातून पेपरमिंटची गोळी बाहेर यायची, म्हणजे कोर्टात सांगायला मोकळे की हे गोळ्या विकायचं यंत्र आहे! ला गार्डियांनी ही यंत्रं जप्त केली, स्वतः घण हातात घेऊन कॅमेऱ्यांसमोर फोडली आणि पाण्यात बुडवली. तो फोटो आजही बघायला मिळतो. ठेंगणा, जाडसर माणूस आणि त्याच्याएवढाच घण. कॉस्टेलोने आपला धंदा न्यू ऑर्लीन्सला हलवला. जुगार संपला नाही, पत्ता बदलला. पण निदान या शहरातून तरी गेला.

माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र आर्टिचोकचा. ही कमळाच्या कळीसारखी दिसणारी एक भाजी, इटालियन लोकांची लाडकी. तिच्या घाऊक बाजारावर एका टोळीने कब्जा केला होता आणि भाव वाढवून ठेवले होते. डिसेंबर १९३५ मध्ये ला गार्डिया भल्या पहाटे ब्रॉंक्सच्या बाजारात गेले, तुताऱ्या वाजवल्या आणि आर्टिचोकच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. भाजीवर बंदी! पण भाजी वाईट आहे असं ते कधीच म्हणाले नाहीत, उलट त्यांना स्वतःला ती आवडायची. टोळीचं कंबरडं मोडलं, भाव उतरले आणि तीन दिवसांत बंदी उठली. काय मोडायचं आहे हे नक्की माहीत असलं की किती लवकर काम होतं!

आणि मग पिनबॉल.

इथे जरा आपल्या इंजिनिअरिंगचा भाग येतो. तेव्हाचा पिनबॉल आपल्या एक्सपीवाल्या पिनबॉलसारखा नव्हता. उतरता लाकडी बोर्ड, त्यावर ठोकलेले खिळे, मधेमधे मार्कांची भोकं. दट्ट्या ओढून गोळी सोडली की पुढे गुरुत्वाकर्षण आणि खिळे बघून घेतील. खेळणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी, दट्ट्या किती ओढायचा आणि यंत्राला हळूच धक्का द्यायचा की नाही. १९३१ पासून ही यंत्रं शिकागोत धडाधड बनू लागली, कारण मंदीत एका पेनीत इतकी करमणूक दुसरीकडे मिळत नव्हती. पण १९३३ नंतर काही यंत्रं जिंकल्यावर रोख पैसे द्यायला लागली. जी देत नव्हती, तिथे दुकानदार गल्ल्यातून द्यायचा. म्हणजे ला गार्डियांना दिसलेला जुगार खोटा नव्हता. शाळकरी मुलांचे डब्याचे पैसे या यंत्रांत जातात, ही त्यांची तक्रारही मनापासूनची होती.

जानेवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर सातच आठवड्यांत, पोलिसांच्या धाडी सुरू झाल्या. हजारो यंत्रं दुकानांतून उचलली. धातू युद्धाच्या कामाला गेला आणि लाकडी पायांचे पोलिसांसाठी दंडुके केले. ज्या खेळाने मुलं बिघडतात म्हणायचं, त्याच्याच पायांनी पुढे कोणाला तरी मार बसला असणार.

चूक कुठे झाली? पैसे देणारं यंत्र आणि न देणारं यंत्र यात त्यांनी फरक केला नाही. जुगार आणि खेळ एकाच पेटीत राहत होते, तर त्यांनी पेटीच फोडली. दारूबाबत जे त्यांना कळलं होतं, ते इथे विसरले. आणि आर्टिचोकसारखं तीन दिवसांनी परत येऊन कोणी बघितलंही नाही. मधल्या वर्षांत पिनबॉल मागच्या खोल्यांत, अश्लील पुस्तकांच्या दुकानांत जाऊन बसला, आणि लोक म्हणायला मोकळे झाले की बघा, हा खेळ कसल्या ठिकाणी असतो!

ला गार्डिया डिसेंबर १९४५ पर्यंत महापौर होते. त्याच वर्षी जुलैत वर्तमानपत्रं वाटणाऱ्यांचा संप झाला, तेव्हा मुलांचं कॉमिक्स चुकू नये म्हणून त्यांनी ते रेडिओवरून आवाज काढून, हातवारे करून वाचून दाखवलं. आणि अवघ्या नऊ वर्षांनी, १९५४ मध्ये, त्याच शहरात सिनेटची समिती बसली, कॉमिक्स मुलांना गुन्हेगार बनवतात का याची चौकशी करायला! महापौरांनी मुलांना प्रेमाने वाचून दाखवलेली कॉमिक्स आता आरोपीच्या पिंजऱ्यात. ते बघायला ला गार्डिया नव्हते. २० सप्टेंबर १९४७ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. बारा वर्षं एवढ्या मोठ्या शहराचा कारभार बघणाऱ्या या माणसाच्या मागे राहिलं एक गहाण घर आणि आठ हजार डॉलरचे बाँड.

आणि नियतीचा खेळ बघा. त्याच वर्षाच्या अखेरीस शिकागोच्या गॉटलीब कंपनीने हम्प्टी डम्प्टी नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्यात पहिल्यांदा फ्लिपर होते. बटण दाबलं की सोलेनॉइडच्या जोरावर फटकन उचलले जाणारे छोटे हात. आता गोळी परत वर मारता येत होती, नेम धरता येत होता. एका कॉइलने नशिबाचा खेळ कौशल्याचा करून टाकला! पण न्यूयॉर्कचा कायदा १९४२ च्याच यंत्राकडे बघत राहिला.

शेवटी एप्रिल १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या समितीसमोर खरंखुरं यंत्र मांडून खेळून दाखवलं. दट्ट्या ओढण्याआधी त्याने सांगितलं की गोळी मधल्या वाटेने जाईल, आणि ती गेली. समिती पटली, त्या वर्षी बंदी उठली. नंतर त्यानेच कबूल केलं की तो शॉट बराचसा नशिबाचा होता! पण मुद्दा असा की, चौतीस वर्षांनी का होईना, कोणीतरी खेळ चालतो कसा ते बघितलं.

त्याच १९७६ मध्ये डेथ रेस या आर्केड गेमवरून अमेरिकेत बोंब उठली. पिनबॉल सुटला आणि त्याच्या जागी व्हिडिओ गेम उभा राहिला. १९९३ मध्ये मॉर्टल काँबॅटवरून सिनेटमध्ये सुनावणी झाली, त्यातून १९९४ मध्ये कंपन्यांनी गेमवर वयाचे शिक्के मारायला सुरुवात केली. २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यावर बंदीचा कायदा केला. त्यावर सही करणारे गव्हर्नर कोण, तर टर्मिनेटर फेम अरनॉल्ड श्वार्झनेगर! २०११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला. पुस्तकाला जे स्वातंत्र्य आहे ते गेमलाही आहे, असा निकालाचा गाभा.

आता माझी गोष्ट. माझा मावसभाऊ सातवीत आहे. दिवाळीत कळलं की मावशीच्या खात्यातून एका गेममध्ये पैसे गेले. बंद पेट्या विकत घ्यायच्या, आत काय निघेल ते नशीब. मी भडकले. फोन हिसकावला आणि सगळे गेम डिलीट केले. एकूण अकरा. पैसे खाणारा त्यातला एकच होता. बुद्धिबळाचा होता, आणि पूल बांधायचा एक होता, ज्यात ट्रस कसा तोलतो हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तो तीन महिने माझ्याशी बोलला नाही. मावशी म्हणाली, बरं केलंस. मलाही तसंच वाटत होतं, ला गार्डियांबद्दल वाचेपर्यंत.

मी त्यांच्यावर हसू शकत नाही. घण उचलताना तेही खरे होते आणि मीही. गेल्या रविवारी मावशीकडे गेले आणि भावाच्या शेजारी बसून एकेक गेम उघडला, त्याच्याकडून समजून घेतला. पूल बांधताना तीनदा हरले. दहा परत टाकले, अकरावा नाही. का नाही, ते त्याला समजावलं आणि त्याने चक्क मान्य केलं. तीन दिवसांत जमायला हवं होतं, तीन महिने लागले. चौतीस वर्षांपेक्षा बरं, नाही का?